एका पत्रकात एकच पायरी

आमचा लांब पल्ल्याचा अंदाज बरोबर ठरला, हे आधीच सांगून टाकते. पानगळ संपताना आम्ही छापून दिलं होतं की येता हिवाळा सरासरीपेक्षा सौम्य राहण्याची शक्यता साठ टक्के. तीन महिने उलटल्यावर आकडे मांडले, तर पारा सरासरीच्या पाऊण अंश वर निघाला. साहेबांना वरून शाबासकीचं पत्र आलं, ते त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर टांगलं. मी ते रोज बघते आणि रोज माझं डोकं उठतं. त्याच सौम्य हिवाळ्यात एका सकाळी आमच्या खिंडीत दहा माणसं मेली.

अंदाजाखाली सह्या दोघांच्या होत्या, साहेबांची आणि माझी. तेव्हा नुसती साहेबांच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. साठ टक्के हा आकडा कुणाच्या कानात शिरलाच नाही, 'सौम्य' तेवढं शिरलं. खिंडीत बर्फ काढायची दोन यंत्रं असत. रस्ते खात्यानं त्यातलं एक खाली मैदानात धाडलं. उरलेलं एक माझा धाकटा भाऊ चालवायचा. रुंद छातीचं, पुढे लोखंडी पातं असलेलं ते धूड, त्याला सगळे रेडा म्हणत. भाऊ आणि त्याचा जोडीदार, दोघंच त्यात बसत. जोडीदार पन्नाशीचा, भावाच्या डाव्या हाताला अकरा वर्षं बसलेला, निम्म्या शब्दात बोलणारा माणूस.

आमचं कार्यालय दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत नकाशांचं टेबल आणि पत्रक पाठवायचा संगणक. मागच्या खोलीत कपाटं, मोडकी उपकरणं आणि रेड्याशी बोलायचा वायरलेस. अंगणात पत्र्याची शेड. तिथून फुगेवाला रोज पहाटे एक मोठा पांढरा फुगा भरून आभाळात सोडतो, आणि फुग्याला बांधलेलं यंत्र वरचा वारा, ऊब, दमटपणा खाली कळवत राहतं. दिवसाला तीन पत्रकं निघतात: सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. प्रत्येकात खिंडीसाठी एक रंग असतो. हिरवा म्हणजे खुशाल जा. पिवळा म्हणजे जपून जा, रस्ता चालू. नारंगी म्हणजे चाकांना साखळ्या असतील त्यांनीच जा. लाल म्हणजे नाका बंद, कुत्रंसुद्धा सोडायचं नाही.

आणि एक नियम. एका पत्रकात एकच पायरी. रात्री हिरवा असेल तर सकाळी फार तर पिवळा, दुपारी नारंगी, मग रात्री लाल. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. तो माझा आहे.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी मी हिरव्यावरून थेट लाल केला होता. बाजाराचा दिवस. खिंड बंद, माल पलीकडे अडकलेला, आणि वर आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख. बर्फाचा कण पडला नाही. दुपारी साठसत्तर माणसं चालून आली. आधी दगड आले, मग माणसं. मी टेबलाखाली शिरले. फुगेवाला दारात उभा राहून 'अहो ऐकून तरी घ्या' म्हणत होता. त्याला त्यांनी ओढून अंगणात नेलं, त्याच्याच फुग्याच्या दोरीनं खांबाला बांधलं आणि तो मान टाकेपर्यंत मारलं. माझ्या वाटणीचा मार त्यानं खाल्ला. डावा डोळा गेला. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून मी एका कागदावर लिहून काढलं: वाईट हवामान पायरीपायरीनं आलं तर लोक सोसतात, उडी मारून आलं तर सांगणाऱ्याला मारतात, तेव्हा एका पत्रकात एकच पायरी. साहेबांनी तो कागद आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. दुधानं तोंड पोळलं होतं, आम्ही ताक फुंकत बसलो. त्यानंतर तीनदा खरा रंग ठाऊक असून आम्ही एक पायरी मागे राहिलो, आणि तिन्ही वेळा निभावून गेलं. निभावून गेलं की माणसाला ती आपली अक्कल वाटते.

त्या दिवशी मी सहाला पाळीवर आले. आदल्या रात्रीचं पत्रक साहेबांनी काढलं होतं: हिरवा. हवेचा दाब तासाला तीन अंकांनी उतरत होता. आमच्याकडे एक अंक उतरला की भुवया वर जातात, दोन उतरले की हातातला चहा खाली ठेवतात. तीन मी सगळ्या नोकरीत एकदाच पाहिले होते. फुगा तीन किलोमीटर चढला आणि तिथल्या वाऱ्यानं तो हिसकावून नेला. मी दोनदा गणित केलं. साडेअकरा, फार ताणलं तर बारा. वारा येईल तेव्हा खिंडीत माणूस दिसता कामा नये. मी लाल लिहिला.

दिवसाचं पत्रक सुटायला दोघांचे परवलीचे शब्द लागतात, माझा आणि साहेबांचा. साहेब पावणेआठला आले. मफलर काढायच्या आधीच त्यांनी पडद्यावर नजर टाकली.

"मॅडम, हे काय?"

"लाल आहे. तुमचा शब्द घाला लवकर."

"काल रात्री हिरवा होता."

"काल रात्री तुम्ही होतात."

त्यांनी मफलर घडी करून खुर्चीवर ठेवला. माणूस वाईट नाही, पण घड्या फार. "पिवळा करा. दोन वाजता नारंगी करू. दाब असाच राहिला तर रात्री लाल."

"दोन वाजता नारंगी कुणाला दाखवणार? साडेअकराला वारा खिंडीत असेल. माझा भाऊ आहे वर."

"म्हणूनच म्हणतो, शांत डोक्यानं घ्या. भाऊ आहे म्हणून रंग चढलाय तुमचा." मग त्यांनी काचेवर बोट आपटलं. "अक्षर कुणाचं आहे हे? वाचा. सौम्य हिवाळा म्हणून आपणच छापून दिलंय, आणि पहिल्याच महिन्यात हिरव्यावरून लाल? परत दगड आले तर तुम्ही टेबलाखाली जाल. मी कुठे जाऊ?"

ते मला झोंबलं, कारण ते खरं होतं. मी खुर्ची ओढली आणि त्यांचा परवलीचा शब्द टाकायला लागले. तो मला ठाऊक होता, त्यांच्या मुलीचं नाव. चार अक्षरं झाली असतील, तेवढ्यात त्यांनी माझी खुर्ची मागून खेचली. माझी हनुवटी टेबलाच्या कडेवर आपटली, खालचा दात ओठातून आरपार गेला. तोंडात रक्ताची खारट चव आली आणि माझं डोकं फिरलं. टेबलावर नकाशे दाबायचा लोखंडी ठोकळा होता. तो मी त्यांच्या गालफडावर हाणला. हाडाचा आवाज आला. त्यांनी माझ्या पोटात बुक्की मारली, तीही काही साहेबांसारखी नाही, चांगली गल्लीतली. मी वाकले, पण त्यांचा सदरा सोडला नाही. आम्ही दोघं भिंतीवर गेलो, भिंतीवरून टेबलावर, दोन दिवसांचे नकाशे आमच्याखाली टराटरा फाटले. माझ्या मुठीत त्यांचे केस होते आणि मी त्यांचं कपाळ काचेवर आपटत होते, त्या माझ्याच कागदावर. तिसऱ्यांदा काच तडकली. बावीस वर्षं आम्ही एकमेकांना अहोजाहो करत आलो होतो.

मागून दोन हात आले आणि माझे दंड आवळले गेले. फुगेवाला. हातात त्याचे जाड रबरी मोजे तसेच होते.

"सोड मला. फुगा तूच सोडलास ना? वाऱ्यानं नेला तो पाहिलास ना?"

"पाहिला," तो म्हणाला.

"मग सांग यांना."

त्यानं मला उचललं. बारीक माणूस, पण सिलिंडर उचलून उचलून हात लोखंडाचे झालेले. "बाई, तुम्ही बरोबर असाल. मागच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं. मला आता हा एकच डोळा जपायचाय."

मी त्याच्या हाताला चावले, मोज्यातून. तो ओरडला नाही. मला मागच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मी दारावर लाथा मारल्या, खांदा मारला, जिभेवर येतील त्या शिव्या दिल्या. आठ वाजून पाच मिनिटांनी पुढच्या खोलीत संगणकाची ती बारीक शीळ वाजली. पत्रक गेलं. माझा शब्द मी आधीच घातलेला होता. पिवळा, खाली माझं नाव.

दारावरची रग उतरली तेव्हा मला वायरलेस दिसला. बाहेरचे दोघे त्याला विसरले होते, मीही विसरले होते. त्याच्यावर फक्त रेडा बोलतो, दुसरं कुणी नाही.

"काय ताई," भाऊ म्हणाला, "सकाळी सकाळी? डबा विसरलो का मी?"

"ऐक. खिंड सोड. आत्ताच्या आत्ता. साडेअकराला वारा येतोय, उभा राहू देणार नाही असा."

"तोंडात काय आहे तुझ्या? नीट बोल. मला तर पिवळा आलाय, पंधराच मिनिटं झाली."

"तो चुकून गेला. बदललाय. लाल आहे."

"हिरव्यावरून लाल? तुमच्यात चालत नाही ना ते?"

"आज चालवलं."

"नाका बंद केला?"

आता मला काय बोलायचं आहे हे नीट कळलं. रस्ता चालू असेल तोवर रेडा खिंडीतून हलवायचा नाही, हा त्यांचा कायदा. आमच्यासारखा फुंकलेल्या ताकाचा नव्हे, खरा. नाका उघडा आहे असं म्हणाले असते तर तो तिथेच उभा राहिला असता, येणाऱ्या प्रत्येक गाडीला पुढे घालून पलीकडे काढत. मी असंही म्हणू शकले असते की खाली नाक्यावर जा, रेडा रस्त्यात आडवा घाल, कुणाचं ऐकू नकोस. त्यानं तेही केलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. सुचलं होतं. पण मग तो नाक्यावरच्या माणसाशी भांडत रस्त्यावरच राहिला असता, आणि मला तो रस्त्यावर नको होता. एवढंच हवं होतं मला.

"केला," मी म्हणाले. "नाका बंद."

"शपथ?"

"तुझी शपथ."

"बरं बाई. मग पलीकडच्या डेपोत जाऊन बसतो. म्हातारा खूश होईल, त्याला कधीचा चहा हवाय." जोडीदार मागून काहीतरी पुटपुटला आणि दोघं हसले.

मी जमिनीवर बसले. ओठातून रक्त गळून पदर भिजला होता. मला इतकं हलकं वाटलं की झोप यायला लागली. दार वाजवायचंही मी थांबवलं. तीन तास मी त्या खोलीत होते आणि त्यातला शेवटचा एक तास सोडला तर मी घाबरलेली नव्हते, हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी वारा आला. आधी कानात दडा बसला, मग शेडचा पत्रा उखडल्याचा आवाज, मग पुढच्या खोलीतल्या दोन्ही खिडक्या एकदम आत आल्या. फुगेवाला किंचाळला. कडी निघाली. साहेब दारात उभे होते, गाल वांग्यासारखा सुजलेला, केसांत काचा.

"लाल करा," ते म्हणाले. "मी माझा शब्द घातलाय."

अकरा चाळीसला लाल सुटला. वरातीमागून घोडं. लगेच फोन वाजला, नाकेदाराचा. वाऱ्यात त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"बाई, अकराची बस सोडलीय मी. वीस माणसं आहेत. पिवळा होता ना? खाली तुमचंच नाव होतं."

पुढचं मी पाहिलेलं नाही. डेपोतल्या माणसांनी सांगितलं, वाचलेल्यांनी सांगितलं, थोडं भावानं. अकरा चाळीसचा लाल डेपोच्या पडद्यावर उमटला तेव्हा भाऊ कपाला हात शेकत बसला होता. त्यानं वेळ वाचली. मग डेपोवाल्याला विचारलं, नाका कधी बंद झाला? डेपोवाला म्हणाला, आत्ता. आणि अकराची बस आत आहे. भाऊ उठला. जोडीदारही उठला. डेपोवाल्यानं दारात आडवं व्हायचा प्रयत्न केला, त्याला भावानं छातीत कोपर घालून पाडलं. त्याच्या दोन बरगड्या गेल्या, पण तो त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

बस वाऱ्यानं खिंडीच्या तोंडाशी उचलून कातळावर फेकली होती. चालक स्टिअरिंगमध्येच चेपून गेला. जे काचांतून बाहेर निघाले त्यांतल्या चौघांना वाऱ्यानं ढकलत कड्यावरून नेलं. एका बाईनं नवऱ्याचा हात धरून ठेवला होता, शेवटी तिच्या हातात त्याचा मोजाच राहिला. बाकीचे बर्फाखाली. रेड्याचं पातं तिथे चालवता येईना, माणसं कापली गेली असती. दोघांनी फावडी घेतली. भावाचं फावडं एकदा मऊ लागलं. त्यानं हातानं उकरलं, तर खाली चेहरा होता, जिवंत, आणि फावड्याच्या धारेनं त्याचा गाल कानापर्यंत फाडलेला. तो माणूस आज चालतो फिरतो. भावाला रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, आणि भाऊ तोंड फिरवून पलीकडच्या बाजूला जातो.

अकरा जण निघाले. नऊ गेले. जोडीदार दहावा. दुसऱ्या खेपेला जखमींना रेड्यात चढवताना तो मागे उभा होता, चाकं बर्फावरून सरकली आणि रेड्यानं त्याला कातळाशी दाबलं. रेडा पुढे घ्यायला भाऊच आत चढला. पुढे घेतल्याशिवाय सुटका नव्हती, आणि पुढे घेतल्यावर जोडीदार उभा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भाऊ कार्यालयात आला. खिडक्यांना आम्ही पुठ्ठे ठोकले होते. त्याच्या गालाची कातडी काळी पडून सोलली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत. मी धावत गेले, त्याला मिठी मारली. तो खांबासारखा उभा राहिला.

"कालची पत्रकं दाखव," तो म्हणाला.

मी फाइल आणली. त्याला पानं उलटता येईनात, मी उलटली. आठ पाच, पिवळा. अकरा चाळीस, लाल. साहेब गालावर ओला रुमाल धरून कोपऱ्यात बसले होते. फुगेवाला दारात आला, आणि आत न येता तिथेच थांबला.

"मधे काही नाही?"

"नाही."

"आठ वीसला तू मला काय म्हणालीस?"

मी सांगितलं. शब्दन् शब्द.

"मी अकराला खिंडीत असतो तर?" त्यानं विचारलं. "तुझं गणित असतं ना? कर."

मी ते रात्रभर करत होते. "बस सव्वाअकराला तुझ्यापाशी पोचली असती. वारा खिंडीत अकरा पस्तीसला आला. तू पुढे राहून पलीकडचा उतार गाठला असतास. पंधरा मिनिटांत."

"म्हणजे वाचली असती."

"बहुतेक."

"टक्के सांग."

"ऐंशी," मी म्हणाले. "पण वीस टक्क्यांत तूही होतास. तू मेला असतास."

"बाकीच्यांना पिवळा आणि मला लाल," तो म्हणाला. "माझी शपथ घालून. म्हातारा मला म्हणाला होता, परत विचार तिला, ती रडल्यासारखी बोलतेय. मी म्हटलं, माझी बहीण आहे."

मग त्यानं मला मारलं. मूठ वळत नव्हती म्हणून हाताच्या कडेनं, कानाखाली, खांद्यातून सगळा जोर लावून. मी टेबलावर पडले, कालची जखम उघडली. साहेब उठले, "अरे, अरे" करत मधे आले. त्यांना त्यानं नुसत्या कोपरानं भिंतीवर फेकलं. पट्टीतून रक्त झिरपायला लागलं होतं, त्याचंच. मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले. मला बरं वाटलं, खरं सांगते. दहा माणसांचं कुणीतरी मला मारायला हवंच होतं, आणि ते त्यानं केलं.

"एक सांग," तो म्हणाला. आता तो रडत होता, नाक पुसायलाही हात नव्हते त्याला. "परत अशी वेळ आली तर?"

मला कळत होतं, तो वाट बघतोय. 'नाही रे' एवढं म्हटलं असतं तर तो माझ्याच खांद्यावर कोसळला असता. आईच्या माघारी मीच त्याला वाढवलंय, त्याची मान कधी झुकते ते मला ठाऊक आहे. दोन शब्दांचं काम होतं. पण त्याच्याशी एकदा खोटं बोलून झालं होतं.

"परत हेच करीन," मी म्हणाले.

तो परत मारेल असं वाटलं. त्यानं मारलं नाही. "मग ताई म्हणून हाक नाही मारायचो यापुढे," एवढंच म्हणाला, अगदी हळू, आणि वळला. फुगेवाला बाजूला झाला. दाराची मूठ त्याला धरता येईना. त्यानं ते पायानं ओढून घेतलं.